काउंट आपल्या बाजूचा असताना बॅट कधी फिरवायची?

सॉफ्टबॉल नव्याने खेळू लागलेल्या बॅटरला दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात ऐकवल्या जातात: चेंडूवरून नजर हलवू नकोस आणि खराब चेंडूच्या मागे जाऊ नकोस. तिसरी गोष्ट मात्र बहुतेक वेळा राहून जाते. दोन बॉल (स्ट्राइक झोनबाहेरून गेलेले, न खेळलेले चेंडू) आणि शून्य स्ट्राइक (झोनमधला सोडलेला किंवा बॅट फिरवून हुकलेला चेंडू) असा काउंट झाला, तर पुढच्या चेंडूला नेमकं करायचं काय? डगआउटमधून, म्हणजे संघ बसतो तिथून, एक जण ओरडतो ‘बघून खेळ’, दुसरा ओरडतो ‘सोडू नको’, तिसरा ‘वॉक घे’, म्हणजे चार बॉल होऊ दे आणि पहिला बेस फुकट घे. तिघांचंही ऐकणारी बॅटर शेवटी कुठल्यातरी बाहेरच्या चेंडूला बॅट लावते आणि पहिल्या बेसच्या अर्ध्या वाटेतच आऊट होते.

मत आधीच सांगून टाकतो. अनुकूल काउंटमध्ये बॅटरला एक चैन मिळते: न आवडलेला चेंडू स्ट्राइक असला तरी सोडून देण्याची. ती चैन पुरेपूर भोगायची, आणि आवडता चेंडू आला की हात राखायचा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमवायला शिकावं लागतं. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पायरी १ : काउंट कुणाच्या बाजूचा आहे ते ओळखा

काउंट सांगताना बॉल आधी, स्ट्राइक नंतर. २-१ म्हणजे दोन बॉल, एक स्ट्राइक. अंपायर डाव्या हाताच्या बोटांनी बॉल दाखवतो आणि उजव्या हाताच्या बोटांनी स्ट्राइक. चार बॉल झाले की पहिला बेस फुकट, तीन स्ट्राइक झाले की आऊट. बॅटला लागून फाऊल (मैदानाच्या रेषांबाहेर) गेलेला चेंडू दुसऱ्या स्ट्राइकपर्यंत स्ट्राइक म्हणून मोजला जातो. त्यानंतर साध्या फाऊलने तिसरा स्ट्राइक होत नाही, बंट (बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला चेंडू) फाऊल गेला तर होतो.

असे एकूण १२ काउंट संभवतात. त्यांपैकी १-०, २-०, ३-०, २-१ आणि ३-१ हे बॅटरचे. ०-१, ०-२ आणि १-२ हे पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणारीचे. बाकीचे मधले.

यात ३-२ कुठे बसतो यावर वाद होतो. तीन बॉल झालेत म्हणून पुष्कळ जण तो बॅटरच्या खात्यात टाकतात. मला ते पटत नाही. दोन स्ट्राइक झाल्यावर कोपऱ्यावरचा अवघड चेंडूही खेळावाच लागतो, म्हणजे निवड करायची मुभाच गेली. पिचरवर दडपण असतं हे खरं, पण तुमच्यावरही तेवढंच असतं.

एक साधी सवय लावून घ्या. प्रत्येक चेंडूनंतर एक पाय बॅटर्स बॉक्सच्या बाहेर काढून काउंट मनात म्हणायचा. आधीचा चेंडू कसा गेला याचा विचार करत उभ्या राहिलेल्या बॅटरला बरेचदा काउंटच माहीत नसतो. खोटं वाटत असेल तर सरावात मध्येच विचारून बघा.

पायरी २ : पिचरच्या जागी उभं राहून बघा

०-२ असताना पिचरला स्ट्राइक टाकायची काहीच गरज नसते. ती चेंडू गुडघ्याखाली टाकेल, खांद्याएवढा उंच टाकेल, होम प्लेटपासून (बॅटरजवळ जमिनीवर बसवलेल्या पट्टीपासून) हातभर लांब टाकेल. तुम्ही फसलात तर तिचा फायदा, नाही फसलात तरी तिचं फारसं बिघडत नाही. २-० झालं की हेच उलटं होतं. आता आणखी एक बॉल गेला तर ३-०, आणि तिथून वॉक एका चेंडूवर. म्हणून ती दोन गोष्टी करते. तिचा ज्यावर सर्वाधिक भरवसा आहे तो चेंडू निवडते, आणि कोपरा गाठायच्या फंदात न पडता तो प्लेटच्या मधल्या भागाकडे टाकते.

अनुकूल काउंटचा खरा फायदा हाच, की पुढचा चेंडू ओळखणं सोपं होतं. आणि या खेळात आधी ओळखण्याला फार मोल आहे. महिलांच्या फास्टपिचमध्ये (सॉफ्टबॉलच्या वेगवान चेंडूंच्या प्रकारात) पिचिंग प्लेट, म्हणजे पिचर जिथून टाकते ती पट्टी, होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते, पुरुषांच्या खेळात ४६ फुटांवर. पिचर मोठं पाऊल पुढे टाकूनच चेंडू सोडते, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर आणखी कमी होतं. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात प्लेटवर पोहोचतो. मोनिका ॲबटने २०१२ साली ताशी ७७ मैल, म्हणजे जवळपास १२४ किलोमीटर वेगाचा चेंडू टाकला होता. तिथे तर एवढाही वेळ मिळत नाही. त्यातला बराचसा वेळ बॅट फिरण्यातच जातो. चेंडू हातातून सुटल्यावर ‘हा कुठला, कसा, खेळू की नको’ असा पहिल्यापासून विचार करायला जागाच नसते. काय शोधायचं ते बॉक्समध्ये पाऊल ठेवण्याआधी ठरलेलं हवं.

पायरी ३ : आपला चौकोन आखून घ्या

सगळ्यात जास्त मेहनत इथे करावी.

आंतरराष्ट्रीय फास्टपिचच्या नियमात स्ट्राइक झोन म्हणजे होम प्लेटच्या वरची, बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंतची जागा. प्लेटची रुंदी १७ इंच. चेंडूचा परीघ १२ इंच, म्हणजे व्यास पावणेचार इंचांहून किंचित जास्त. प्लेटवर चेंडू एकाला एक चिकटवून मांडले तर जेमतेम साडेचार बसतात. ऐकायला हे फार वाटत नाही, पण शरीराच्या जवळचा छातीएवढा चेंडू आणि लांबच्या कडेवरचा गुडघ्याएवढा चेंडू यांना मारण्यासाठी हात, कंबर आणि पाय अगदी वेगळं काम करतात. दोन्ही जोरात मारता येणारे बॅटर विरळा.

१९४१ साली बेसबॉलमध्ये .४०६ च्या सरासरीने (म्हणजे हजारात ४०६ यशस्वी फटके) खेळलेल्या टेड विल्यम्सने स्ट्राइक झोनचे चेंडूएवढे ७७ भाग पाडले होते आणि प्रत्येक भागातल्या चेंडूवर आपली सरासरी किती राहील याचा अंदाज मांडला होता. मधल्या भागात .४००, लांबच्या खालच्या कोपऱ्यात .२३०. फलंदाजीत त्याच्याएवढी पोहोचलेली माणसंही सगळ्या स्ट्राइक सारख्या मानत नव्हती, एवढं नवख्या बॅटरने यातून घेतलं तरी पुरे.

तुम्हाला ७७ भाग नकोत, नऊ पुरेत. उभे तीन, आडवे तीन. टी (चेंडू ठेवायचा उभा स्टँड) घ्या, चेंडू एकेका भागात ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी दहा-बारा चेंडू मारा. किती जोरात गेले यापेक्षा किती सरळ, न उडता, न घरंगळता गेले ते पाहा. अशा सरळ रेषेत गेलेल्या फटक्याला लाइन ड्राइव्ह म्हणतात, आणि आपल्याला तोच हवा असतो. बहुतेकांचे दोन किंवा तीन भाग ठळकपणे पुढे येतात. सहसा ते कमरेच्या आसपास, मध्यापासून आतल्या बाजूला असतात, पण तुमचे वेगळे असू शकतात. उंच, लांब हातांच्या काही बॅटर लांबचा चेंडूच अधिक छान मारतात.

तो तुमचा चौकोन. १-० ला तो थोडा मोठा असेल, २-० ला लहान, ३-१ ला लहानच. चौकोनात आला तर पूर्ण ताकदीने स्विंग. बाहेर गेला तर बॅट खांद्यावरच, मग अंपायर काहीही म्हणो.

क्रिकेटमधून आलेल्यांना इथे एक अडचण येते. चेंडू नुसता अडवायची, ढकलायची सवय हातात मुरलेली असते. सॉफ्टबॉलमध्ये अडवणं नाही. बॅटला लागून चेंडू फेअर टेरिटरीत, म्हणजे फाऊल रेषांच्या आत, पडला की धावावंच लागतं, मग तो दोन हात पुढे गेला असला तरी. म्हणून ‘लावून बघू’ हा पर्याय यादीतूनच काढून टाका.

पायरी ४ : काउंट बदलला की बेत बदला

२-० पासून सुरू करू, कारण तो समजला की बाकीचे आपोआप समजतात. पुढच्या चेंडूवर काय काय होऊ शकतं? तुम्ही स्ट्राइक सोडली तर २-१, अजूनही काउंट तुमचाच. जोरात फिरवून चुकलात, तरी २-१. फाऊल गेला, तरी २-१. बॉल सोडलात तर ३-०. म्हणजे यातल्या कशातही फार नुकसान नाही. नुकसान एकाच गोष्टीत आहे: न जमणाऱ्या चेंडूला बॅट लागून तो शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूकडे) घरंगळत जाणं. बेस एकमेकांपासून ६० फुटांवर असतात आणि इनफिल्डर जवळ उभे असतात. असा चेंडू म्हणजे बहुतेक वेळा आऊट. दोन चेंडू सोडून मिळवलेला काउंट एका मिळमिळीत ग्राउंडरवर उधळला जातो.

ही गोष्ट पटायला वेळ लागतो, कारण आपण चुकण्याला घाबरतो. सगळ्यांसमोर हवेत बॅट फिरली की लाज वाटते, चेंडूला लागली की निदान काहीतरी केल्यासारखं वाटतं. २-० ला तसं नसतं. हवेत गेलेल्या जोरदार स्विंगने तुमचा एक स्ट्राइक जातो, हलक्या लागलेल्या चेंडूने तुमची पाळी जाते. म्हणून या काउंटला ‘जपून मारू’ असा विचार करू नका. मारायचं तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही.

३-१ हा त्याहूनही मोकळा. बॉल आला तर वॉक, चुकलात तर ३-२, म्हणजे जिवंत आहातच. पिचरला स्ट्राइक टाकणं भाग आहे. तरी नवखे बॅटर इथेच सर्वाधिक फसतात. ‘आता येणारच’ म्हणून आधीच फिरवायचं ठरवून टाकतात आणि डोळ्यांएवढ्या उंचीच्या चेंडूवर फिरवतात. मनाची तयारी अशी हवी: हो, हो, हो, आणि चौकोनात नाही दिसला तर नको. दर चेंडूला मारण्याच्याच तयारीने पाऊल टाकायचं, थांबवायचं ते शेवटच्या क्षणी. उलट क्रमाने जमत नाही. ‘नको, नको’ म्हणत उभं राहून एकदम ‘हो’ म्हणायला ०.४ सेकंद पुरत नाहीत.

१-० ला पिचर अजून घाबरलेली नसते. चौकोन जरा मोठा ठेवा, पण कडेचे चेंडू सोडा. २-१ चंही तसंच, फक्त एवढं लक्षात असू द्या की इथे चुकलात तर २-२ होऊन निवडीची मुभा संपते.

३-० ला साधारण रिवाज सोडण्याचा आहे आणि शिकाऊ बॅटरसाठी तो योग्यच आहे. सलग तीन बॉल टाकणाऱ्या पिचरने आधी एक स्ट्राइक टाकून दाखवावी. टाकली तरी ३-१, म्हणजे तुमचा सगळ्यात छान काउंट शिल्लक. प्रशिक्षकाने खूण दिली तरच फिरवा. ती खूण सहसा चांगल्या बॅटरला, रनर दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर असताना मिळते. मिळाली तर चौकोन एका चेंडूएवढा लहान करा. ३-० ला मारून पॉप-अप (जवळच उंच उडालेला सोपा झेल) झालेल्या बॅटरकडे डगआउट कसं बघतं ते एकदा पाहिलं की हा सल्ला विसरत नाही.

०-० बद्दल एकच वाक्य. पिचर पहिला चेंडू नेहमीच मध्ये टाकत असेल, तर तोसुद्धा अनुकूल काउंटच समजा.

पायरी ५ : ही पिचर मागे पडली की काय टाकते?

‘२-० ला सरळ वेगवान चेंडू येतो’ हे अर्धंच खरं. येतो तो त्या पिचरच्या भरवशाचा चेंडू, आणि तो प्रत्येकीचा वेगळा. डगआउटमध्ये बसलेले असताना हेच पाहायचं: काउंट बॅटरच्या बाजूला गेला की ती कशाकडे वळते?

भरवशाचा चेंडू राइजबॉल असेल तर सावध. कमरेजवळून सुटलेला चेंडू वर चढत येतो, मध्यावर अगदी मारण्याजोगा दिसतो आणि प्लेटवर येईपर्यंत छातीच्या वर गेलेला असतो. उतावळ्या बॅटरसाठी २-० ला याहून गोड सापळा नाही. निम्म्या वाटेतच कमरेएवढा दिसू लागलेला चेंडू सोडायचा, मांडीच्या उंचीवर दिसणाऱ्याची वाट पाहायची. ड्रॉपबॉलवाली असेल तर उलट: मांडीच्या उंचीवर दिसलेला चेंडू गुडघ्याखाली जाणार आणि त्याच्या डोक्यावर बॅट बसून ग्राउंडर होणार. तिच्याविरुद्ध कमरेच्या वर सुरू होणारा चेंडू शोधा.

आणि चेंजअप, म्हणजे वेगवान चेंडूसारखाच सुटणारा पण हळू येणारा चेंडू. शहाणी पिचर २-० ला मुद्दाम तो टाकते, कारण तिला ठाऊक असतं की बॅटर वेगाच्या तयारीत आहे. हातपाय पुढे गेले, चेंडू अजून आलाच नाही, अशी गत होते. त्यावर उपाय फार साधा आहे आणि तरी कुणी करत नाही. सोडून द्या. स्ट्राइक असली तरी २-१ होईल, एवढंच. एकाच वेळी वेगवान आणि हळू अशा दोन्ही चेंडूंसाठी तयार राहणारी बॅटर दोन्हीवर उशिरा किंवा लवकर असते. चेंजअपच तिचा नेहमीचा आसरा आहे असं दिसलं, तरच त्याची वाट बघा.

पायरी ६ : मैदानाकडे एक नजर

काउंट तुमच्या बाजूचा दिसतो, पण कधी कधी नसतो. पहिला बेस मोकळा, दुसऱ्या-तिसऱ्यावर रनर, आणि तुमच्यामागून येणारी बॅटर कमजोर. अशा वेळी २-० झालं तरी पिचरला स्ट्राइक टाकण्याची सक्ती नाही; तुम्ही वॉक घेतलात तर उलट तिला बरंच, कारण मग कुठल्याही बेसवर फोर्स-आऊट (रनरला न शिवता, चेंडू घेऊन नुसत्या बेसला पाय लावून आऊट) मिळतो. अशा २-० ला मध्यावरचा चेंडू येईल असं धरून चालू नका. चौकोन तोच ठेवा, फक्त तो रिकामा राहिला तर रागावू नका.

रनर तिसऱ्यावर आणि दोनपेक्षा कमी आऊट असतील तर उंच, लांब जाणारा झेलही धाव देतो. चौकोन थोडा वर सरकवा. रनर पहिल्यावर असेल तर खालचा चेंडू डबल-प्ले (एका चेंडूवर दोन आऊट) ओढवू शकतो, तो टाळा.

हिट-अँड-रनची खूण आली तर वरचं सगळं बाजूला. ही खूण प्रशिक्षक बरेचदा २-०, २-१ किंवा ३-१ लाच देतात, कारण चेंडू बॅटच्या टप्प्यात येण्याची शक्यता तेव्हाच जास्त. चेंडू हातातून सुटताच रनर निघालेला असतो, त्याला वाचवायचं तर चेंडू कुठेही असला तरी बॅट फिरवावीच लागते. इथे आवडनिवड नाही.

सात इनिंगच्या सामन्यात शेवटच्या इनिंगमध्ये तीन धावांनी मागे असताना पहिल्या बॅटरने २-० ला काय करावं? पुष्कळ प्रशिक्षक ‘एक स्ट्राइक येईपर्यंत सोड’ म्हणतात. पिचरचा चेंडू खरंच भरकटत असेल तर ठीक. नसेल, तर मध्यावर आलेला चेंडू सोडून तिला परत सामन्यात आणणं मला पटत नाही. अर्थात खूण आली असेल तर ती पाळायची. प्रशिक्षकाशी चर्चा इनिंग संपल्यावर.

पायरी ७ : सराव असा करा

नुसती बॅटिंग प्रॅक्टिस या कामाची नाही, कारण तिथे कुणी काउंट मोजत नाही. टाकणाऱ्याला प्रत्येक फेरी २-० पासून सुरू करायला सांगा. चौकोनाबाहेरच्या चेंडूला बॅट लागली, तर हिट गेली तरी आऊट धरायचं. चौकोनातला चेंडू सोडला तरी आऊट. पहिल्या काही फेऱ्यांत सगळे चिडतात, मग शिकतात.

दुसरा सराव पिचर वॉर्म-अप करत असताना होतो. हेल्मेट घालून, बॅट घेऊन बॉक्समध्ये उभं राहायचं, स्विंग करायचा नाही. प्रत्येक चेंडूला पाऊल टाकायचं आणि चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पोहोचण्याआधी मोठ्याने ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणायचं. कॅचर सांगेल बरोबर होतं की नाही. यात हात दमत नाहीत, फक्त डोळे तयार होतात, म्हणून सामन्याच्या दिवशीही करता येतो.

सामन्यानंतर वहीत प्रत्येक अनुकूल काउंटपुढे दोनच गोष्टी लिहा: चेंडू चौकोनात होता का, आणि मी फिरवली का. हिट झाली की आऊट, ते लिहू नका. छान निवडलेला चेंडू कधी थेट सेंटर-फील्डरच्या हातात जातो, कधी खराब निवडलेला चेंडू बॅटच्या टोकाला लागून सुटतो. तो हिशेब मोसमभरात आपोआप जुळतो, निवडीचा हिशेब मात्र तुम्हालाच ठेवावा लागतो.

स्लो-पिच (हळू, उंच चेंडू टाकण्याचा प्रकार) खेळणाऱ्यांनी एवढं पाहावं की तिथले नियम जागोजागी वेगळे असतात. काही स्पर्धांत पाळी १-१ पासूनच सुरू होते आणि दोन स्ट्राइकनंतरचा फाऊल म्हणजे थेट आऊट. तसं असेल तर अनुकूल काउंट फार थोड्या वेळा हाती लागतो, म्हणून २-१ आणि ३-१ यांनाच २-० सारखी वागणूक द्या आणि चौकोन एक-दोन चेंडूंनी वाढवा.